घर शिफ्ट केल्यावर कुंडीतल्या झाडांची पानं रंग काहून बदलतात? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

परीक्षा संपल्या की नागपुरात घरं बदलायचा सीझन सुरू होतो, आणि तो नेमका एप्रिल-मे मध्येच येतो म्हणजे झाडांसाठी वर्षातला सगळ्यात बेकार टाइम. सामान लागतं, गॅस जोडला जातो, आणि दोनेक हप्त्यांनी तेच ते फोटो फिरायला लागतात, पिवळं पान, जळकं टोक, पांढरा डाग, आणि खाली "काय करू?" असा प्रश्न. म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी लिहून ठेवले. वाचायच्या आधी एक काम करा, झाडाजवळ जाऊन बघा की रंग बदललेलं पान खालचं जुनं आहे का शेंड्याचं नवीन. अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

जुन्या घरी झाड मस्त हिरवंगार होतं, इथं आल्यावर दहा-बारा दिवसांत खालची पानं पिवळी पडून राहिली. झाड मरून राहिलं का?

बहुतेक वेळा नाही. पान हिरवं दिसतं ते क्लोरोफिलमुळे, आणि ते एकदा बनवलं की झालं असं नसतं, जुनं मोडत राहतं नवीन बनत राहतं. त्याच्यात नायट्रोजन लागतो, प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियम लागतं, म्हणजे झाडासाठी महागाचं सामान आहे. नवीन घरात उजेड कमी पडला की इतकी पानं पोसणं परवडत नाही, मग झाड खालच्या जुन्या पानांतला माल काढून वरच्या पानांकडे पाठवतं. क्लोरोफिल गेलं की आतमध्ये आधीपासूनच असलेले पिवळे रंग, कॅरोटिनॉइड म्हणतात त्यांना, ते उघडे पडतात.

शेंडा ताठ असेल, नवीन पान निघून राहिलं असेल, तर खालची तीन-चार पानं गेली तरी टेन्शन घेऊ नका. शंका असेल तर खोड नखानं जरासं खरवडा, आत हिरवं आणि ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे.

पण नवीन फ्लॅटमध्ये तर भरपूर उजेड आहे, मग कमी पडते कसा?

इथंच सगळे फसतात. आपले डोळे उजेडाशी इतके पटकन जुळवून घेतात की हॉल आणि बाल्कनीतला फरक आपल्याला थोडासाच वाटतो, प्रत्यक्षात तो कितीतरी पट असतो. मे महिन्यात दुपारी उघड्यावर उजेड साधारण एक लाख लक्स असतो, मोठ्या झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या आसपास, खिडकीला चिकटून दोन-चार हजार, आणि त्याच खोलीत सोफ्याजवळ गेलात तर दोनशे-तीनशे. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण जुनी जागा आणि नवीन जागा यांची तुलना करायला चालते. आता त्याच्यात मच्छरांची जाळी जोडा, काळपट काच जोडा, ग्रिल, पडदा, समोरच्या बिल्डिंगची भिंत. महालातल्या जुन्या घराच्या अंगणात वाढलेलं झाड बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवलं तर त्याच्यासाठी ती जवळपास रात्रच आहे.

ॲप नको असेल तर दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद धरा आणि वर हात धरा. सावलीची कड एकदम स्पष्ट पडली तर कडक उजेड, अंधुक पडली तर मध्यम, पडलीच नाही तर तिथं झाड फक्त शोभेसाठी ठेवलं आहे असं समजा.

अजून एक गोष्ट, जे पान कडक उजेडात तयार झालं ते जाड असतं, उन्हासाठी बनलेलं, आणि सावलीत तयार झालेलं पातळ आणि पसरट. एकदा बनलेलं पान स्वतःला फार बदलू शकत नाही. म्हणून जागा बदलली की झाड जुनी पानं टाकतं आणि त्या जागेला जमतील अशी नवीन काढतं. बारक्या पानांचा फायकस, बेंजामिना म्हणतात तो, याच्यासाठी बदनामच आहे, नुसता हॉलच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला तरी पानांचा सडा पाडतो आणि दीड-दोन महिन्यांनी काही झालंच नाही असं दाखवून परत भरतो.

बाल्कनी कोणत्या दिशेची आहे यानं किती फरक पडते?

नागपुरात खूप पडतो, आणि फ्लॅट बघायला गेलेल्या महिन्यावरून अंदाज बांधला तर हमखास चुकतो. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरासं खाली. त्यामुळे २६ मे च्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या बाल्कनीत ऊन येतच नाही असं जे लोक सांगतात ते हिवाळ्यापुरतं खरं आहे, उन्हाळ्यात तिथं सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपं ऊन चांगलं येतं.

दक्षिणेचं उलटं. डिसेंबरात दुपारचा सूर्य फक्त ४५ अंशांवर असतो, ऊन पार खोलीत शिरतं, घर बघायला गेलेला माणूस खुश होतो की वा, झाडांची सोय झाली. तेच मे महिन्यात सूर्य डोक्यावर गेला की वरच्या स्लॅबची सावली पडते आणि त्या बाल्कनीत दुपारी ऊन जवळपास गायब. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोपी, सकाळचं ऊन मिळतं, दुपारी सावली. कोणी घर निवडता निवडता विचारलं तर मी डोळे मिटून पूर्व सांगतो.

आणि पश्चिम. पश्चिमेच्या बाल्कनीबद्दल काय सांगायचं बापा. दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन, ते पण अशा वेळी की पारा ४४-४५ ला गेलेला असतो, वरून दिवसभर तापलेली भिंत आणि टाइल्स रात्री दहापर्यंत गरमी फेकत राहतात. नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेलं आहे (२०२४ ला एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ दाखवलं होतं ते सेन्सर बिघडल्यामुळे, त्याचे स्क्रीनशॉट अजून फिरतात ती गोष्ट वेगळी). अशा बाल्कनीत मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली ठेवू नका. बोगनवेल, अडेनियम, चाफा हे टिकतात, बाकीच्यांसाठी ५० टक्के किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावून टाका, मार्च संपायच्या आत.

पानांवर एकदम पांढरे, कागदासारखे डाग पडले, मग ते तपकिरी झाले. फंगस आहे का?

डाग पानाच्या वरच्या बाजूला, उन्हाकडे तोंड असलेल्या भागावर आणि शिफ्टिंगनंतर तीन-चार दिवसांत आले असतील तर ते ऊन लागलेलं आहे, फंगस नाही. सावलीच्या पानाला पेलेल त्याच्यापेक्षा जास्त उजेड आला की आतलं क्लोरोफिल जळून जातं, जागा पांढरी पडते, मग वाळते. फंगसचे डाग वाढत जातात, त्यांच्या भोवती पिवळी कड असते, आणि ते जास्त करून पावसाळ्यात. उन्हाचा डाग तेवढाच राहतो.

तो भाग परत हिरवा होणार नाही, कितीही औषध मारा. पण पानाचा बाकीचा हिरवा भाग काम करून राहिला आहे म्हणून पान तोडू नका. झाड आत सरकवा आणि मग हप्त्या-हप्त्यानं थोडं थोडं बाहेर आणा, आधी सकाळचा एक तास, मग दोन.

माझा क्रोटन लाल-पिवळा होता, आता सगळा हिरवा होऊन राहिला. आणि जेड प्लांटच्या कडा उलट लाल झाल्या. हे काय आहे?

दोन्हीचं कारण एकच, उजेड. क्रोटनचे लाल-केशरी रंग कडक उजेडात बनतात, त्यातला लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, झाड तो पानाचं उन्हापासून रक्षण करायला वापरतं. घरात आणलं की रक्षणाची गरज संपली, उलट मिळेल तेवढा उजेड पकडायचा आहे, म्हणून नवीन पानं हिरवी येतात. रंग पाहिजे तर ऊन द्या, दुसरा उपाय नाही. जेडच्या कडा लाल झाल्या, कोरफड तांबूस झाली, तर त्यांना आधीपेक्षा जास्त ऊन मिळून राहिलं आहे किंवा पाणी कमी आहे. जेड तसा सुंदर दिसतो म्हणून बरेच लोक मुद्दाम करतात, कोरफडीला मात्र जरा आडोसा द्या.

पांढऱ्या-हिरव्या पानांच्या मनी प्लांटचं पण तसंच. पांढऱ्या भागात क्लोरोफिल नसतंच, तो भाग काही कमवत नाही, म्हणून कमी उजेडात झाडाच्या हिरव्या फांद्या जोरात वाढतात आणि पांढरा रंग मागं पडतो. एखादी फांदी पूर्ण हिरवी झाली तर ती जिथून फुटली तिथून कापा, नाहीतर वर्षभरात सगळा वेल साधा होतो.

शेंड्याची नवीन पानं पिवळी येऊन राहिली आणि शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं एकदम ठीक. असं काहून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण याचं उत्तर पार संत्र्याच्या बागांपर्यंत जातं.

झाडातली काही द्रव्यं जागा बदलू शकतात, काही नाही. नायट्रोजन, मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नवीनला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलत नाही, जिथं गेलं तिथंच बसतं, म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची नवीन पानं पिवळी येतात आणि शिरा हिरव्या राहतात, हिरवी जाळी काढल्यासारखं दिसतं. काटोल-नरखेडकडच्या कोणत्याही संत्रावाल्याला हे पान दाखवा, तो लगेच ओळखतो. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, पीएच (माती आम्लधर्मी आहे का अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आठच्या आसपास किंवा वर जातो, आणि अशा मातीत लोह असूनही विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. संत्र्याच्या असल्या भानगडींवर आपल्या अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत कायम काम चालतं.

आता तुमच्या कुंडीत हे शिफ्टिंगनंतरच काहून झालं? कारण पाणी बदललं. शहरात जुन्या भागात नळाला पेंच-कन्हानचं पाणी येतं, आणि बाहेरच्या नवीन लेआउटमध्ये कितीतरी बिल्डिंगा बोअरवर चालतात, कुठं बोअर आणि टँकर मिक्स. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त, रोज रोज ते घातलं की कुंडीतल्या मातीचा पीएच हळूहळू वर चढतो. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर जमून राहिला असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर कुंडीत पण तेच होऊन राहिलं आहे. हे आठ दिवसांत होत नाही, दोन-तीन महिने लागतात, म्हणून लोकांना शिफ्टिंगशी संबंध लक्षातच येत नाही आणि ते खत टाकत बसतात.

उपाय म्हणजे आधी पाणी, जमेल तेव्हा पावसाचं साठवा. मग लोह, पण दुकानात "चिलेटेड आयर्न" म्हणून जे मिळतं त्याच्यावर ईडीटीए लिहिलं आहे का ईडीडीएचए ते बघा, चुनखडीच्या मातीत दुसरंच खरं काम करतं, पहिलं तिथं टिकत नाही. स्वस्तात करायचं तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आधी एका पानावर करून बघा, आणि खाली टाइल्स असतील तर पेपर अंथरा, तांबडे डाग पडले की घरमालक डिपॉझिट कापतो. या आजारात गंमत अशी की लवकर पकडलं तर पिवळं पान परत हिरवं होऊ शकतं.

आरओचं वाया जाणारं पाणी, एसीचं पाणी, कुलरचं पाणी यातलं काय चालते?

एसीच्या पाइपमधून पडणारं चालतं, हवेतली वाफ थंड होऊन पडलेली असते, क्षार जवळपास नसतात. बोअरच्या पाण्यात अर्धं मिसळून वापरा. आरओचं टाकून दिलेलं पाणी नको, फिल्टरनं काढलेले सगळे क्षार त्याच्यातच जमा झालेले असतात, फरशी पुसायला वापरा.

कुलरच्या टाकीचं तर अजिबातच नको. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत राहतात, वरून आपण परत बोअरचं भरतो, परत उडतं, म्हणून जूनपर्यंत ते पाणी चांगलंच खारट होऊन बसतं (खसच्या ताट्यांवर पांढरं चढतं ते हेच). टाकी धुताना ते पाणी "वाया काहून घालवायचं" म्हणून कुंड्यांत ओततात, आणि मग पानांची टोकं जळतात.

टोकं आणि कडा तपकिरी, बाकी पान हिरवं. अरेका पाम आणि स्पायडर प्लांटला जास्त आहे.

एक कारण वरचंच, क्षार. दुसरं कोरडी हवा. एप्रिल-मे मध्ये दुपारी नागपुरात हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली पण जातो, आणि ही झाडं दमट जंगलातली. टोकापर्यंत पाणी पोचायच्या आधीच उडून जातं. जुन्या घरी कुलर होता आणि नवीन घरी एसी घेतला असेल तर झाडाला फरक लगेच कळतो, कुलर खोलीत ओलावा आणतो आणि एसी काढून घेतो. कुलरच्या खोलीत झाडं खुश असतात, फक्त थेट झोतासमोर ठेवू नका. पानांवर पाणी फवारल्यानं दहा मिनिटं बरं वाटतं, त्याच्यापेक्षा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवणं (पानांवर कीड नसेल तर) जास्त कामाचं. जळकी टोकं कात्रीनं तिरपी कापली तरी चालतं, दिसायला बरं.

पाणी तेवढंच घालून राहिलो जेवढं आधी घालत होतो, तरी पिवळी पडून राहिली.

तेवढंच घालून राहिले म्हणूनच. उजेड कमी झाला की झाड पाणी कमी पितं, अंगणात रोज लागायचं ते हॉलमध्ये पाच-सहा दिवसांनी पुरतं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मुळं सडतात, आणि सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून पान पिवळं आणि मलूल दिसतं, माणसाला वाटतं तहान लागली, तो अजून पाणी घालतो. शिफ्टिंगनंतर सगळ्यात जास्त झाडं मरतात ती याच्यानंच, पक्कं लिहून ठेवा. त्यात कुंडीत नुसती काळी माती भरलेली असेल तर अजूनच, ती ओली असताना चिखल होऊन बसते आणि वाळली की भेगा पडतात, मग वरून घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि मधलं ढेकूळ कोरडंच.

बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नाही. झेडझेड आणि स्नेक प्लांटला पार खालपर्यंत कोरडं होऊ द्या. उलटं पण होतं बरं का, आठव्या-दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत वारा इतका असतो की माती दिवसभरात सुकते, तिथं पान आधी लोंबतं, मग कडेनं कुरकुरीत होतं. सडलेल्याचं पान मऊ पडतं, तहानलेल्याचं कुरकुरीत, बोटाला लगेच कळतं.

नवीन पेंटच्या वासानं झाडं पिवळी पडतात का?

पेंटच्या वासाला उगाच बदनाम केलेलं आहे, खिडक्या उघड्या असतील तर त्याचा त्रास आपल्यालाच जास्त. नवीन फ्लॅटमध्ये झाडाला खरा त्रास बाकीच्या कामांचा होतो. पीओपी आणि पुट्टी घासताना उडालेली पावडर पानांवर बसते, उजेड अडतो, आणि त्यातली पुट्टीची पावडर कुंडीत गेली की मातीचा पीएच वाढवते. टाइल्स साफ करायला मजूर ॲसिड वापरतात आणि ती बादली जवळच्या कुंडीत ओतून मोकळे होतात, हे फार होतं. एका रात्रीत अख्खं झाड करपलं आणि कुंडीच्या कडेची माती बुडबुडून फेसाळलेली दिसली तर दुसरं काही शोधत बसू नका. काम पूर्ण होईपर्यंत झाडं शेजाऱ्यांकडे ठेवा. आल्यावर पानं ओल्या फडक्यानं पुसा, वरून पण आणि खालून पण. सिमेंट रोडचं काम चालू असलेल्या गल्लीत तर हे दर हप्त्याला.

पुण्याहून नागपूरला सामान आलं, झाडं तीन दिवस ट्रकमध्ये बंद होती. उतरवली तेव्हाच अर्धी पिवळी.

अंधार, गरमी आणि इथिलीन. इथिलीन हा वायू झाडं आणि पिकणारी फळं सोडतात, केळी पिकवायला जो वापरतात तोच, आणि बंद जागेत साचला की पानं पिवळी होऊन गळतात. ट्रकवाल्यानं त्याच गाडीत आंब्याच्या पेट्या घेतल्या असतील तर झालंच. अशा झाडांना एकदम उन्हात ठेवू नका, दोन-तीन दिवस सावलीत, थोडं पाणी, बस्स.

शहरातल्या शहरात छोटा हत्ती करून नेत असाल तर उघड्या गाडीत वरून जाड चादर टाका, वर्धा रोडवर साठच्या स्पीडनं गरम वारा लागला की पानं कडेनं काळी पडतात आणि ते दोन दिवसांनी दिसतं. पहाटे न्या. आदल्या दिवशी पाणी घाला, त्याच दिवशी नको, कुंडी जड होते आणि माती सांडते.

तुळस नवीन घरी टिकतच नाही. देवाचं काही आहे का?

नाही हो ताई, उन्हाचं आहे. तुळशीला रोज चार-सहा तास थेट ऊन लागतं आणि फ्लॅटमध्ये आपण ती देवघराजवळ किंवा ईशान्येचा कोपरा म्हणून पॅसेजमध्ये ठेवतो. आधी पानं फिकी पडतात, लहान होतात, मग खालून गळतात. दुसरं, मंजिऱ्या. बी धरायला लागली की झाड पानं सोडतं, तेव्हा मंजिऱ्या वेळेवर खुडत चला. तिसरं, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतोच आपण, गरज असो नसो, पावसाळ्यात तरी चमचाभर घालून पूजा होऊ द्या. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला की नागपुरातली तुळस तशीही काळवंडते, फेब्रुवारीत फुटते परत, उपटून फेकू नका.

पानांवर बारीक पिवळे ठिपके, लांबून पान धुळकट दिसते.

पानाच्या खाली पांढरा कागद धरून पान झटका. ठिपके पडून चालायला लागले तर लाल कोळी आहे. कोरड्या गरमीत तो फार पटकन वाढतो आणि नवीन घरी झाडं एकमेकांना चिकटून ठेवली की सगळीकडे पसरतो. बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून जोरात पाणी मारा, तीन-चार दिवसांनी परत, मग संध्याकाळी नीम तेल साबणाच्या थेंबासोबत. देठाजवळ कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा.

खत देऊ का? कुंडी बदलू का?

दोन्ही नको, निदान महिनाभर. मुळं आधीच सांभाळून राहिली आहेत, त्यात युरिया किंवा डीएपीचा दाणा म्हणजे क्षार अजून वाढले. एप्सम सॉल्टचा पण फार बोलबाला आहे, ते मॅग्नेशियम आहे, मॅग्नेशियमच कमी असेल तरच त्याचा उपयोग. कुंडी फक्त एका परिस्थितीत लगेच बदला, मातीला सडका वास येत असेल तर.

पिवळी पानं तोडायची का राहू द्यायची? आणि किती दिवस वाट बघायची?

अर्धवट पिवळं असेपर्यंत राहू द्या, झाड त्याच्यातून माल काढून राहिलं असतं. पूर्ण पिवळं झालं की हात लावताच येतं हातात. महिना-दीड महिना द्या. त्या काळात जुनी पानं गळणं चालेल, नवीन फुटलेलं पान कसं आहे ते बघत राहा. नवीन पान लहान, दोन पानांमधलं अंतर लांब, खिडकीकडे वाकलेलं, तर जागा अंधारी आहे, हलवा. नवीन पान काळं पडून राहिलं किंवा खोड जमिनीजवळ मऊ लागलं तर वाट बघू नका, वरचा चांगला तुकडा कापून पाण्यात लावा.

आणि रोज जागा बदलू नका. आज बाल्कनी, उद्या हॉल, परवा बेडरूम असं केलं की झाड दर वेळी पहिल्यापासून सुरू करतं.

आमचं भाड्याचं घर, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, दर वर्षी हेच. काय नेऊ, काय सोडू?

तारीख तुमच्या हातात असेल तर जुलै ते सप्टेंबर किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात करा, पावसाळ्यात हवा दमट असते, झाड लवकर सावरतं. मे मध्येच करावं लागलं तर झाडं आधी आठ दिवस सावलीत घेऊन ठेवा म्हणजे सवय होते, आणि नवीन घरी पहिल्या दिवशी पूर्वेच्या खिडकीत, नाहीतर उत्तरेच्या.

मोठा फायकस आणि जमिनीतून कुंडीत काढलेला जास्वंद नेऊ नका, जास्वंद तर कळ्या आणि पानं दोन्ही टाकून देतो, सोसायटीच्या बगिच्यात देऊन टाका. स्नेक प्लांट, झेडझेड, अग्लोनेमा बिनधास्त न्या. कडीपत्त्याला मुळापाशी पिल्लं फुटतात, मोठं झाड राहू द्या आणि पावसात एक पिल्लू मुळासकट काढून न्या. मनी प्लांटचा पंधरा फुटांचा वेल भिंतीवरून सोडवत बसण्यात काही अर्थ नाही, कितीही जपलं तरी अर्धी पानं पिवळी पडणारच, त्यापेक्षा गाठीसकट चार-पाच तुकडे कापा, ओल्या पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा, नवीन घरी गेल्यावर बाटलीत पाणी भरून किचनच्या खिडकीत लावा. त्यांना जी पानं फुटतील ती त्याच खिडकीच्या उजेडात तयार झालेली असतील, त्यांची तक्रार येत नाही.